एसी लावला की गाडी दबते? गॅस भरायच्या आधी हे वाचा

एसीचा कॉम्प्रेसर, म्हणजे एसीतला थंडावा देणारा गॅस दाबून फिरवणारा पंप, बहुतेक गाड्यांत इंजिनच्याच बेल्टवर फिरतो. त्याला लागणारी ताकद चाकांच्या वाट्यातूनच जाते, म्हणून एसी लावल्यावर पिकअप थोडा कमी होणारच. छोट्या इंजिनाला चढावर ते जास्त जाणवतं. ओव्हरटेकसाठी अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की अनेक गाड्यांत कॉम्प्रेसर काही क्षण आपोआप बंद होतो. तोही बिघाड नव्हे.

गाडी न्यूट्रलमध्ये उभी करा, इंजिन गरम होऊ द्या आणि आरपीएमच्या काट्यावर नजर ठेवून एसी लावा. बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसरला बेल्टशी जोडणारा क्लच ‘टक’ करून लागलेला ऐकू येतो. काटा जरासा खाली येऊन लगेच सावरला, तर काळजी नको. पण काटा खालीच थरथरत राहिला, स्टिअरिंगला कंप आला किंवा सिग्नलला गाडी बंद पडली, तर काहीतरी दुखतंय.

अशा वेळी आमच्या गॅरेजमध्ये येणारे बरेच जण आल्याआल्या सांगतात, ‘गॅस भरून द्या.’ आम्ही त्यांना थांबवतो. गॅस कमी झाला तर थंडावा कमी होतो, त्याने इंजिन सहसा दबत नाही. गॅस प्रमाणाबाहेर भरला, तर मात्र पाइपांतला दाब वाढतो, कॉम्प्रेसरला जास्त जोर लावावा लागतो आणि गाडी आणखी दबते. छोट्या गाडीत साधारण ४०० ते ६०० ग्रॅमच गॅस मावतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा बहुधा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. जुना गॅस काढून, व्हॅक्यूम करून (पाइपांतली हवा ओढून घेऊन), तेवढाच वजनावर मोजून भरायला हवा. आणि गॅस कमी झालाच असेल तर तो कुठून तरी गळतोय. गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणार.

एका ताईंच्या गाडीत दुसरीकडे दोनदा गॅस भरून झाला होता, तरी ट्रॅफिकमध्ये गाडी गुदमरायची. आम्ही बॉनेट उघडून एसी लावला आणि नुसते पाहत उभे राहिलो. कन्डेन्सरचा, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीचा, पंखा फिरतच नव्हता. कन्डेन्सरच्या बारीक पत्र्यांमध्ये माती आणि मेलेले किडे घट्ट बसले होते. गाडी पळताना समोरून वारा लागायचा तोवर निभायचं. उभी राहिली की उष्णता बाहेर पडेना आणि दाब चढत जायचा. पंख्याचा रिले (त्याला वीज जोडणारा स्विच) बदलला, पाण्याच्या हलक्या धारेने कन्डेन्सर धुतला, जादा गॅस काढला. गाडी सुधारली.

पंखा फिरतो का, हे तुम्हीही पाहू शकता, फक्त हात लांब ठेवा. तो अचानक सुरू होतो, कधी इंजिन बंद असतानाही. गॅसचे पाइप मात्र घरी कधीच सोडवू नका. सुटलेला गॅस त्वचेवर किंवा डोळ्यांत गेला तर बर्फासारखा भाजतो.

पंखा ठीक असेल, तर आम्ही इंजिनकडे वळतो. थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेत) काजळी साठली की एसीचा भार आल्यावर लागणारी जादा हवा इंजिनला नीट मिळत नाही. झिजलेले स्पार्क प्लग आणि चोंदलेला एअर फिल्टरही एरवी कसेबसे चालून जातात, एसी लावला की उघडे पडतात. ही कामं कॉम्प्रेसर बदलण्यापेक्षा फार स्वस्त आहेत, म्हणून आम्ही ती आधी तपासतो.

एसी लावताच किंचाळल्यासारखा आवाज येत असेल, तर बहुधा बेल्ट घसरतोय. एसी बंद असतानाही घरघर ऐकू येत असेल, तर पुलीच्या बेअरिंगचा संशय घ्या. कॉम्प्रेसर जाम होऊन बेल्ट तुटला, तर अनेक गाड्यांत त्याच बेल्टवरचा, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंपही थांबतो. त्यामुळे जळक्या रबराचा वास आला किंवा तापमानाचा काटा चढू लागला, तर एसी बंद करा, गाडी बाजूला घ्या आणि तिथूनच आम्हाला फोन करा.

गाडी आणताना एवढं आठवून या: त्रास उभ्या गाडीत होतो की चढावर, सकाळी थंड इंजिनावर की तासाभराने, आणि शेवटचा गॅस कधी, किती भरला होता.