रहस्यमालिका अर्ध्या तासाची की तासाची? वादाची पार्श्वभूमी

हा वाद दूरचित्रवाणीच्याही आधीचा. 'सस्पेन्स' ही अमेरिकी नभोनाट्यमाला १९४२ पासून अर्ध्या तासाची होती. १९४८ मध्ये काही महिने ती तासाची झाली आणि मग मुकाट्यानं अर्ध्या तासावर परतली.

'आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स' (१९५५) या मालिकेचा अर्धा तास म्हणजे जाहिराती वगळून जेमतेम पंचवीस मिनिटं. त्यात एक गुन्हा आणि एक कलाटणी एवढंच मावतं. १९५८ च्या एका भागात बायको गोठलेल्या मटणाच्या तंगडीनं नवऱ्याचा जीव घेते आणि तपासाला आलेले पोलीस तीच तंगडी भाजलेली चवीनं खातात. उपकथानक घातलं असतं तर या कथेची धारच गेली असती.

१९६२ मध्ये मालिका तासाची झाली, नावातही 'अवर' (म्हणजे तास) आला. तेव्हापासून ती पसरट झाली असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. त्याच वर्षीच्या एका भागात रस्त्यावरचा अपघात 'सगळा पाहिला' असं सांगणारे साक्षीदार एकामागून एक कोर्टात उभे राहतात. प्रत्येकाची जबानी उलगडायला वेळ लागतोच; पंचवीस मिनिटांत ती माणसं नुसती नावापुरती उरली असती.

खरा घोळ झाला तो 'द ट्वायलाइट झोन' या अद्भुत कथांच्या अमेरिकी मालिकेचा. १९६२ मध्ये तिला वेळेत प्रायोजक मिळाला नाही, म्हणून वाहिनीनं ती वेळापत्रकातून काढली. पुढे तासाभराची एक विनोदी मालिका आपटली आणि जानेवारी १९६३ मध्ये ती रिकामी जागा हिच्या वाट्याला आली. लांबी ठरवली ती वेळापत्रकातल्या भोकानं, कथांनी नव्हे. अर्ध्या तासाच्या चणीच्या कल्पना पन्नास मिनिटं ताणाव्या लागल्या आणि खापर मात्र लेखकांवर फुटलं. असे १८ भाग झाले. त्याच वर्षी पुढचा हंगाम पुन्हा अर्ध्या तासाचा आला. पुनःप्रसारणाच्या संचातून हे भाग बराच काळ वगळले गेले. त्यामुळे अनेकांनी ते न बघताच नापास केले, आणि हा अन्याय आजही पुरता निस्तरलेला नाही.

'द ट्वायलाइट झोन'च्या १९८५ च्या नव्या आवृत्तीनं तास घेतला, पण बहुतेकदा त्यात दोन-तीन कथा बसवल्या. २०१९ ची आवृत्ती स्ट्रीमिंगवर आली. तिथे भरायला ठरावीक जागाच नव्हती, त्यामुळे प्रत्येक भागाची लांबी वेगळी.