पेटी उघडण्याआधी : गणित साहित्य वापरणाऱ्या शिक्षकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. आमची गणिताची पेटी तुम्ही वर्गासाठी निवडलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आत काय काय आहे याची यादी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. हे पत्रक दुसऱ्या कामासाठी आहे : वस्तू मुलांच्या हातात असताना काय विचारायचं आणि ती पुन्हा पेटीत कधी ठेवायची.

साहित्य बनवणारेच ते बाजूला ठेवायला सांगतात, याचं काही ग्राहकांना नवल वाटतं. पण ठोकळे हलवता आले म्हणजे वजाबाकी आली, असं होत नाही. समोर ठोकळे नसतानाही मुलाच्या डोळ्यांपुढे ते उभे राहिले, की वजाबाकी त्याची झाली. आमचा सगळा खटाटोप त्यासाठी आहे.

ठोकळे

सुटा ठोकळा म्हणजे १ सेंमीचा घन. दांडा १० सेंमी लांब, पाटी १० सेंमी बाजूची चौरस. बरेच शिक्षक यांना ‘डीन्स ब्लॉक’ म्हणून ओळखतात. ४ मुलांचा एक गट धरून ४० मुलांच्या वर्गाला १० संच पुरतात.

यांचा खरा कस हातच्याच्या वजाबाकीत लागतो, त्यातही मधे शून्य असेल तेव्हा. ३०२ − १४८ घ्या. मुलं शून्यावर काट मारून वर ९ लिहितात, उत्तरही बरोबर आणतात. ‘हे ९ कुठून आले?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘शून्याचे नऊ होतात, बाई.’ तिथेच हा पाठ सुरू करा.

प्रत्येक गटाला ३ पाट्या आणि २ सुटे द्या. टेबलावर एका ताटात बाकीचे ठोकळे ठेवा, ती बँक. आता सांगा, ‘यातले ८ सुटे मला द्या.’ सुटे दोनच. दांडा मोडावा, तर दांडा एकही नाही. या जागी कृपा करून काही बोलू नका. आमचा अनुभव असा, की शिक्षक गप्प राहिले तर गटातलं कुणी तरी थोड्या वेळाने पाटीला हात घालतंच. एखादा गट पाटी देऊन थेट १०० सुटे मागेल. देऊन टाका. शंभर मोजता मोजता दांड्यांची सोय कशासाठी आहे हे त्यांचं त्यांनाच कळतं. बाकीचे पाटी देऊन १० दांडे घेतील, मग त्यातला एक दांडा देऊन १० सुटे.

आता बाकावर २ पाट्या, ९ दांडे आणि १२ सुटे आहेत. पुढे जाण्याआधी एवढं विचारा : ‘मघाशी होते त्यापेक्षा आता कमी झाले की जास्त?’ पुष्कळ मुलं ‘जास्त’ म्हणतात, कारण ठोकळ्यांची गर्दी वाढलेली दिसते. त्यांना मोजू द्या. ३०२ च भरतात. शून्याचे नऊ झालेले नाहीत, शंभर फुटले आणि त्यातले नव्वद दशकांच्या घरात राहिले, हे त्या मोजणीत उघड होतं. मग १४८ उचलायचे, उरतात १५४.

दुसऱ्या दिवशी जोडीत काम द्या : एकाने ठोकळे हलवायचे, दुसऱ्याने तेवढंच वहीत लिहायचं. हातातली एक अदलाबदल म्हणजे कागदावर एक खूण. तिसऱ्या दिवशी ठोकळ्यांवर कापड टाका आणि ५०० − २७६ विचारा. ज्या मुलाला अडेल त्याने कापडाखाली हात घालून चाचपडावं, त्याला मज्जाव नको. कापड उचलायची गरज ज्या दिवशी कुणालाच पडत नाही, त्या दिवशी ठोकळे पेटीत जातात.

हेच ठोकळे दशांश अपूर्णांकांना पुन्हा काढा. ०.३५ मोठे की ०.८? ‘०.३५, कारण ८ पेक्षा ३५ मोठे,’ ही चूक हुशार मुलंही करतात. ‘आज पाटी म्हणजे १’ असं फळ्यावर ठळक लिहा. मग दांडा ०.१ आणि सुटा ०.०१. ३ दांडे ५ सुटे एकीकडे, ८ दांडे दुसरीकडे मांडले की वाद मिटतो. मात्र पूर्ण संख्यांचा पाठ चालू असताना त्याच आठवड्यात हे करू नका, पाटीची किंमत बदलली की कच्ची मुलं गोंधळतात.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. आमच्या पहिल्या खेपेचे ठोकळे रंगवलेले होते. दिसायला सुंदर, पण प्रत्येक ठोकळ्यावर रंगाचा थर चढल्यामुळे दहा सुटे ओळीत लावले की ती ओळ दांड्यापेक्षा थोडी लांब भरायची. एका शिक्षिकेने आम्हाला दाखवलं : मूल म्हणतंय, ‘दहा सुटे म्हणजे एक दांडा नाही, जास्त आहेत.’ मुलाचं बरोबर होतं. ती सगळी खेप आम्ही परत घेतली. आता ठोकळे बिनरंगी असतात आणि दांड्यावर दहा भागांच्या खाचा असतात.

अपूर्णांकांच्या पट्ट्या

अख्खी पट्टी ६० सेंमीची आहे. बाकावर ती मावत नाही, अशी तक्रार येते आणि ती रास्त आहे, जमिनीवर बसूनच हा पाठ घ्या. ६० घेण्याचं कारण एवढंच, की त्याला २, ३, ४, ५, ६, १० आणि १२ या सगळ्यांनी पूर्ण भाग जातो.

पट्ट्यांवर आकडे का छापले नाहीत, हा आम्हाला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. छापले असते तर मुलांनी पट्टीऐवजी आकडा वाचला असता. कोरी पट्टी हातात घेतल्यावर ‘अख्खीत या किती बसतात?’ हे लावून पाहावं लागतं आणि छेद म्हणजे काय ते तिथे समजतं. नाव मुलांनी स्वतः पेन्सिलीने लिहावं, ओल्या फडक्याने ते पुसलं जातं.

आता ती जुनी चूक : १/२ + १/३ = २/५. अंशात अंश, छेदात छेद. चूक आहे असं लगेच सांगू नका. अर्ध्याची पट्टी ठेवायला सांगा, तिला लागून एक तृतीयांशाची. खाली दोन पंचमांश ठेवा. वरची जोडी ५० सेंमी, खालची २४. खालची तर एकट्या अर्ध्याहूनही आखूड! अर्ध्यात काही मिळवलं आणि ते कमी झालं, हे मुलांच्या बुद्धीला पटत नाही, आणि ते न पटणं फार मोलाचं आहे. त्या क्षणी विचारा : ‘अर्धा आणि तृतीयांश, दोन्ही एकाच मापाच्या तुकड्यांनी झाकता येतील का?’ चौथाईने अर्धा झाकतो, तृतीयांश झाकत नाही. पंचमांशाने दोन्ही नाही. षष्ठांश लावले की अर्ध्यावर ३ आणि तृतीयांशावर २ नेमके बसतात, मिळून ५/६. समच्छेद करणं हे नियम म्हणून सांगण्याआधी मुलांनी असं शोधलेलं असलं, की लसावि कशाला काढायचा हे वेगळं समजवावं लागत नाही.

खिळ्यांची फळी आणि दोरा

फळीवर ११ × ११ खिळे आहेत, म्हणजे एका बाजूला १० घरं. सोबतच्या दोऱ्याच्या फासाची लांबी २० घरं आहे. या एकाच दोऱ्याने किती वेगवेगळे आयत होतात ते मुलांनी करून बघावं आणि आतले चौरस मोजावेत : १ × ९ चे ९, मग १६, २१, २४ आणि ५ × ५ चे २५. दोरा तोच, परिमिती तीच, क्षेत्रफळ मात्र बदलत जातं. परिमिती आणि क्षेत्रफळ यांची गल्लत करणाऱ्या मुलांना यापेक्षा चांगला पाठ आम्हाला ठाऊक नाही.

वरच्या वर्गांना गेऑर्ग पिक या गणितज्ञाचं १८९९ मधलं सूत्र शोधू द्या. शिरोबिंदू खिळ्यांवर असलेला, कडा एकमेकींना न छेदणारा कोणताही बहुभुज घ्या. आतले खिळे, अधिक कडेवरच्या खिळ्यांची निमपट, वजा १, बरोबर क्षेत्रफळ. ४ × ६ च्या आयतात आत १५, कडेवर २० : १५ + १० − १ = २४.

दुरंगी चकत्या

पांढरी बाजू धन १, काळी बाजू ऋण १. एक पांढरी आणि एक काळी मिळून शून्य. धन आणि ऋण यांच्या हिशोबाचे नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ च्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त मांडले, हे वर्गात आवर्जून सांगा.

३ − (−२) करताना ३ पांढऱ्या ठेवा आणि २ काळ्या उचलायला सांगा. काळ्या नाहीतच. मग शून्याच्या दोन जोड्या आणून ठेवू या, किमतीत काही फरक पडत नाही. आता २ काळ्या उचलल्या, तर समोर ५ पांढऱ्या. ‘वजा वजा अधिक’ हे पाठांतर इथे लागत नाही.

ऋण गुणिले ऋण यासाठी मात्र चकत्या वापरू नका. करता येतं, पण ओढूनताणून. फळ्यावर ओळीने ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ० लिहा आणि पुढची ओळ मुलांना विचारा.

फासे

दोन फासे मुद्दाम दोन रंगांचे दिले आहेत. लालवर ३ आणि निळ्यावर ४ हे, लालवर ४ आणि निळ्यावर ३ याहून वेगळं आहे, हे एकाच रंगात दिसत नाही. बेरीज ७ येण्याचे प्रकार ३६ पैकी ६. एका जोडीने ३६ वेळा टाकून हे जुळेलच असं नाही, म्हणून २० जोड्यांचे निकाल फळ्यावर एकत्र करा. ७२० वेळांत ७ साधारण १२० च्या आसपास येतात.

जपणूक

तीन वर्षांखालील मुलांच्या हाती सुटे ठोकळे आणि चकत्या देऊ नका, गिळण्याचा धोका आहे. ठोकळे बिनरंगी लाकडाचे आहेत, पाण्यात घालू नका, कोरड्या फडक्याने पुसा. तास संपायच्या ५ मिनिटं आधी आवरायला घ्या आणि मोजदाद मुलांकडूनच करून घ्या : सुटे दहादहाच्या ओळीत, दांड्याला लावून. एखादा तुकडा हरवला तर झाकणावरच्या यादीत त्याच्यापुढे खूण करून आम्हाला कळवा. पूर्ण संच घ्यायची गरज नाही, सुटा तुकडाही पाठवतो.