खटका बोलेनासा झाला तर

दसरा होऊन आठवडा झाला असेल. शेजारचे सुभेदार काका संध्याकाळी चहाला आले आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "सर, आमच्या पिस्तुलाचा खटका आता बोलत नाही बघा."

फौजेतून निवृत्त होऊन काका परभणीत राहायला आले. त्यांच्याकडे .३२ बोअरचं, परवान्याचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल आहे. खटका म्हणजे त्याची सेफ्टी, अंगठ्याने वर-खाली करायची लहानशी पट्टी. ती सरकवली की 'टक्' वाजायचं. आता ती मऊ पडली होती आणि मध्ये कुठेही थांबत होती.

परवाना त्यांचा, त्यामुळे हत्यार हाताळलं त्यांनीच. नळी अंगणातल्या वाळूच्या ढिगाकडे, बोट चापापासून लांब. आधी मॅगझिन काढलं, मग वरची सरकती स्लाइड मागे ओढून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, डोकावले. हा क्रम उलटा करून चालत नाही आणि दुसरी पायरी गाळूनही चालत नाही. मॅगझिन काढलं तरी एक काडतूस चेंबरमध्ये बसलेलं असू शकतं आणि "रिकामं होतं" म्हणून सांगितले जाणारे कितीतरी अपघात त्याच एका काडतुसाचे असतात.

पुष्कळांना वाटतं की सेफ्टी लावली की पिस्तूल 'बंद' होतं, दिव्याचं बटण बंद करावं तसं. तसं नाही. आत घोडा, म्हणजे पिनेवर आपटून गोळी उडवणारी हातोडी, ताणलेलाच असतो आणि त्याच्या मागची स्प्रिंग दाबलेलीच असते. घोड्याच्या खाचेत पोलादाचा एक छोटा अडसर अडकलेला असतो, त्याला सिअर म्हणतात. चाप ओढला की सिअर खाचेतून निसटतो आणि घोडा पडतो. शस्त्ररचनाकार ब्राउनिंगच्या १९११ सालच्या प्रसिद्ध पिस्तुलात अंगठ्याची सेफ्टी या सिअरच्या पाठीशी येऊन उभी राहते, त्याला हलू देत नाही. वॉल्थर या जर्मन कंपनीने १९२९ साली आणलेल्या पिस्तुलात वेगळी सोय होती. तिथे सेफ्टी लावली की घोडा सुरक्षितपणे खाली येतो आणि पिन अडवली जाते. काकांचं पिस्तूल पहिल्या जातीचं, सिअर अडवणारं.

आता तो 'टक्'. माझा सगळा जीव या आवाजात आहे.

सेफ्टीच्या पट्टीच्या आतल्या अंगाला दोन खळगे असतात आणि त्यांच्या मध्ये एक उंचवटा. समोरच्या भोकात स्प्रिंग आणि तिच्या टोकाला गोल डोक्याची छोटी खुंटी. स्प्रिंग खुंटीला सतत खळग्यात ढकलते. पट्टी हलवायची तर खुंटीला उंचवटा चढावा लागतो, म्हणजे स्प्रिंग दाबावी लागते. पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरचा खटखट आवाज याच जोडीतून येतो.

जरा हिशोब करू. समजा खळग्यात असताना स्प्रिंगचा जोर ८ न्यूटन आहे आणि १ मिलिमीटर दाबल्यावर तो १२ न्यूटन होतो. सरासरी १० न्यूटन, गुणिले ०.००१ मीटर, म्हणजे ०.०१ ज्यूल. १०० ग्रॅमचं वजन १ सेंटिमीटर उचलायला साधारण एवढीच ऊर्जा लागते. या एवढ्याशा टेकडीवर सेफ्टीचा भरवसा उभा आहे. पट्टी सरकते तशी स्प्रिंगमधली ऊर्जा कशी बदलते याचा आलेख काढला तर दोन दऱ्या आणि मध्ये शिखर दिसेल. दरीच्या तळाशी ऊर्जेचा उतार शून्य, म्हणून खुंटी तिथे ठरते. शिखरावरही उतार शून्यच, पण तिथे वक्रता उलटी, म्हणून किंचित धक्क्याने ती या नाही तर त्या दरीत घरंगळते. अर्धवट सेफ्टी ही अवस्था टिकूच नये, अशी योजना या आकारातच आहे. आणि घरंगळून तळाला आदळताना जो आवाज होतो, तोच 'टक्'.

काकांच्या पिस्तुलात टेकडीच नाहीशी झाली होती. कारण तीनपैकी एक असणार: स्प्रिंग मेली, उंचवटा झिजला, किंवा खुंटी भोकात चिकटून मागेच राहिली.

मी विचारलं, "काका, तेल कुठलं घालता?"

"खंडेनवमीला पूजा करतो, तेव्हा समईतलंच दोन थेंब सोडतो. दरवर्षी."

समईत करडईचं तेल. आपल्या मराठवाड्याचं तेल, इथल्या कृषी विद्यापीठाने 'परभणी कुसुम' हे करडईचं वाण दिलं आहे. भाकरीवर उत्तम, यंत्रात घातक. या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असतं. त्याच्या कार्बनच्या साखळीत दोन दुहेरी बंध असतात आणि त्यांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन अगदी सैल धरलेला असतो. हवेतला ऑक्सिजन तिथे शिरतो, शेजारच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात, आणि तेल सुकण्याऐवजी घट्ट विणलं जातं. रंगात आणि व्हार्निशमध्ये हे तेल वापरतात ते याच गुणामुळे. खुंटीच्या भोवती काका वर्षानुवर्षं व्हार्निश चढवत होते, आणि त्यात हळद-कुंकवाची भुकटी.

मग खोबरेल घालावं का? ते असं विणलं जात नाही, पण सुमारे २४ अंशांखाली गोठतं, आणि परभणीच्या थंडीत पहाटे पारा १० च्या खाली जातो. शस्त्राचं तेल खनिज असतं. त्यात असे दुहेरी बंध जवळपास नसतातच.

पूजेला माझा विरोध नाही. ज्या वस्तूवर आपला जीव अवलंबून आहे तिला वर्षातून एकदा हात जोडावेत, हे मला आवडतं. पण गोळी सुटली की "पूजेत काही कमी पडलं, शस्त्र कोपलं" असं म्हणतात, त्याचा मला राग येतो. त्या बोलण्याने चौकशी तिथेच थांबते आणि झिजलेला पोलादाचा तुकडा तसाच राहतो.

दुसऱ्या दिवशी काकांबरोबर मी परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे गेलो. असं काम घरी कानस घेऊन करायचं नसतं, सिअरच्या कडेचा केसाइतका फरकही महाग पडतो. त्याने रिकाम्या पिस्तुलावर आधी एक परीक्षा केली. घोडा ताणला, सेफ्टी लावली, चाप जोरात ओढून सोडला. घोडा पडला नाही. मग कान जवळ नेऊन सेफ्टी हळूच उतरवली. आत बारीकसं 'चिक्' झालं. सेफ्टी सिअरला पुरती टेकत नव्हती. चाप ओढल्यावर सिअर खाचेत थोडा सरकला होता आणि सेफ्टी काढताच परत जागेवर आला. ही झीज आणखी वाढली, तर सेफ्टी उतरवण्याच्या क्षणी, बोट चापावर नसतानाही, घोडा पडू शकतो.

त्याने खुंटी काढून आमच्यासमोर धरली. अंगावर मधाच्या रंगाची चकचकीत साल होती. नखाने निघेना. रॉकेलमध्ये भिजवून पुसल्यावर खुंटी मोकळी हलू लागली, स्प्रिंगही ठणठणीत निघाली. जोडल्यावर 'टक्' परत आला आणि काकांचा चेहरा उजळला. दुरुस्तीवाल्याने मात्र मान हलवली. "आवाज आला, पण पट्टी झिजलीय ना सुभेदारसाहेब. ती नवीन मागवावी लागंल, तोवर नेऊ नका." काकांनी पिस्तूल जमा केलं, पावतीवरचा क्रमांक परवान्याशी दोनदा ताडून पाहिला आणि ती घडी घालून खिशात ठेवली.