मुलाला पॉइंट टू-टू रायफल शिकवायची आहे? नागपूरच्या पालकांसाठी पात्रता, परवाना आणि कागदपत्रं

1 ऑगस्ट 2024 ला कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून करायच्या नेमबाजीचं, कांस्यपदक घेतलं. तेव्हापासून ओळखीतले पालक मला एकच प्रश्न विचारतात: "पोरासाठी कोणती रायफल घेऊ?" स्वप्नीलच्या हातात होती ती पॉइंट टू-टू, म्हणजे 0.22 इंच बोअरची (नळीच्या आतल्या व्यासाची) रिमफायरच, जिची पिन गोळीच्या बुडाच्या काठावर आपटते. प्रश्न योग्य आहे, फक्त तो फार लवकर विचारला जातो. आपल्याकडे मूल आधी रेंजवर जातं, मग क्लबचं सभासद होतं, मग परवाना निघतो, आणि रायफल सगळ्यांत शेवटी येते. हा क्रम उलटा केला की पैसे आणि महिने दोन्ही जातात.

आधी वयाचं बघू. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 9 नुसार 21 वर्षं पूर्ण न झालेल्या कुणालाही बंदूक बाळगता येत नाही. मात्र त्याच कलमात प्रशिक्षणासाठी वाट ठेवली आहे. शस्त्र नियम 2016 प्रमाणे 12 वर्षं पूर्ण झालेलं मूल नेमबाजीच्या सरावासाठी, जबाबदार माणसाच्या देखरेखीखाली, बंदूक चालवू शकतं. बारा म्हणजे बारा पूर्ण. अकरा वर्षं दहा महिन्यांच्या लेकराला "एकदाच चालवून बघू दे" म्हणणाऱ्या बापाला मी हात जोडून थांबवलेलं आहे.

पालकांना सहसा ठाऊक नसलेली गोष्ट कलम 13 मध्ये आहे. केंद्र सरकारने परवाना किंवा मान्यता दिलेल्या रायफल क्लबचा अथवा असोसिएशनचा सभासद लक्ष्यसरावासाठी पॉइंट टू-टू रायफल मागत असेल, तर त्याचा अर्ज कायदा वेगळ्या रांगेत धरतो. इतर अर्जदाराला बंदूक कशाला हवी हे पटवून द्यावं लागतं. सभासदाचं कारण कायद्यानेच लिहून ठेवलेलं आहे, अगदी बोअरचा आकडा घालून. म्हणून सभासदत्वाचा कागद हा अख्ख्या फाइलचा कणा समजा. अर्थात पोलीस पडताळणीत आक्षेप निघाला तर परवाना नाकारता येतोच.

बारा वर्षांच्या आतल्या मुलांना सुरुवात एअर रायफलवर करू द्या. 0.177 इंच बोअरपर्यंतची आणि 20 ज्यूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. तीही पालकाने स्वतःच्या ओळखपत्रावर घ्यावी आणि कुलपात ठेवावी. 10 मीटरवर जे मूल श्वास आणि ट्रिगर सांभाळायला शिकतं, त्याला 50 मीटरवर फारसं नव्याने शिकवावं लागत नाही.

आठवी-नववीच्या मुलामुलींसाठी बिनखर्चाचा एक मार्ग एनसीसीचा आहे. नागपुरात एनसीसीचं ग्रुप मुख्यालय आहे. शाळेत युनिट असेल तर भरतीचा फॉर्म, पालकांचं संमतीपत्र, आधार, बँक खातं आणि तब्येतीचा दाखला एवढ्यावर काम होतं. पुढे कॅडेटला सैन्याच्या प्रशिक्षकासमोर पॉइंट टू-टू चालवायला मिळते. घरात बंदूक नाही, परवाना नाही, आणि मुलाला यात खरंच रस आहे की नाही ते कळून जातं. ऑलिंपिक नेमबाज अंजली भागवत एनसीसीतूनच रायफलकडे आल्या.

तिथून पुढे जायचं असेल तर जिल्हा असोसिएशन, मग महाराष्ट्र रायफल असोसिएशन, आणि वर नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया. 1951 ची ही राष्ट्रीय संस्था लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर यांनी उभी केली. त्यांच्या नावाची मावळंकर स्पर्धा हीच आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी आहे. सभासदत्व घेताना संस्था मान्यताप्राप्त असल्याचा कागद बघायला मागा. नुसता बोर्ड लावलेल्या अकॅडमीची पावती परवान्याच्या फाइलमध्ये चालत नाही.

अर्ज नमुना ए-1 मध्ये करायचा. सराव आणि प्रशिक्षणाचा परवाना नमुना 4 मध्ये मिळतो. नागपूर शहरात परवाना प्राधिकारी पोलीस आयुक्त, ग्रामीणमध्ये जिल्हाधिकारी. इथे घोळ हमखास होतो. कामठी किंवा हिंगण्याचा माणूस "आपण महापालिकेबाहेर" म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात जातो, पण ती पोलीस ठाणी शहर आयुक्तालयात मोडतात. काटोल, सावनेर, उमरेड, रामटेक हे ग्रामीण. महापालिकेची हद्द बघू नका, तुमचं पोलीस ठाणं कुणाकडे आहे ते बघा.

फाइलला मुलाचा जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार, रहिवासी पुरावा, फोटो, डॉक्टरांचं शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, क्लबचं सभासदत्व व शिफारस, आणि रायफल घरात कशी ठेवणार याचं हमीपत्र लागतं. पालकांचं संमतीचं प्रतिज्ञापत्रही जोडा. नाव आणि पत्ता प्रत्येक कागदावर अक्षरशः सारखा हवा. माझ्या मुलीचा अर्ज परत आला तो माझ्याच चुकीने. आधारवर पत्ता प्रतापनगरचा आणि वीजबिलावर महाल भागातल्या जुन्या घराचा. पोलीस शिपाई पडताळणीला महालात गेला आणि कुलूप बघून परतला. अडीच महिने गेले. पडताळणीच्या वेळी घरी माणूस हवा, कपाट दाखवता आलं पाहिजे, आणि शेजाऱ्यांनाही आधी सांगून ठेवलेलं बरं.

परवाना मिळाला की त्यावरचा यूआयएन, म्हणजे एकमेव ओळख क्रमांक, जपून ठेवा. राष्ट्रीय नोंदणीत तुमचा परवाना त्याच क्रमांकाने ओळखला जातो. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे.

आता रायफल. मूल लहान असताना माझा कौल एका वेळी एकच गोळी भरायच्या बोल्ट ॲक्शनला, म्हणजे प्रत्येक गोळीसाठी बोल्टचा दांडा हाताने मागेपुढे करावा लागतो अशा रायफलला. प्रत्येक गोळीनंतर हात थांबतो आणि डोकं चालतं. पण बोल्टच्याही आधी बटची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची, लांबी बघा. मुलीला मी पहिल्यांदा दुसऱ्याची रायफल धरायला दिली, तेव्हा बट खांद्याऐवजी काखेत गेली. गाल स्टॉकवर टेकावा म्हणून तिने मान इतकी पुढे ताणली की गळ्याची शीर दिसत होती. मागच्या साईटमध्ये तिला गोलाऐवजी काळी चंद्रकोर दिसत होती. प्रशिक्षकांनी बटचे दोन स्पेसर (लांबी वाढवणाऱ्या चकत्या) काढले, गालाचा तुकडा बोटभर वर घेतला, आणि ती नुसती म्हणाली, "आता गोल दिसतं बाबा." बटची लांबी आणि गालाची उंची दोन्ही बदलता येतील अशीच रायफल घ्या. पोरं एका उन्हाळ्यात दोन इंच वाढतात. सामन्याची जड रायफल बारा वर्षांच्या हातात पेलवत नाही. ती पाठीतून वाकून धरायची सवय लागली की पुढे मोडता मोडत नाही. सुरुवात प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून, हाताला स्लिंगचा पट्टा लावून. टेलिस्कोपही आत्ता नको, डायऑप्टर, म्हणजे बारीक छिद्रातून बघायची साईट पुरेशी आहे.

लांब पल्ला शिकवायला पॉइंट टू-टू इतकी चांगली का, हेही सांगतो. धक्का जवळजवळ नाही, म्हणून मूल डोळे मिटत नाही. गोळी 40 ग्रेनची आणि आवाजाच्या वेगाच्या आसपासची, त्यामुळे वारा तिला सहज ढकलतो. रायफल 50 मीटरवर शून्य केली, म्हणजे साईट त्या अंतराला जुळवली, तर 100 मीटरवर तीच गोळी जवळजवळ वीतभर खाली लागते. मोठ्या बोअरला हेच धडे द्यायला कितीतरी मोठं मैदान लागेल. 50 मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं, करंगळीच्या नखाएवढं. एप्रिलमध्ये दहानंतर रेंजवर तापलेला वारा सुटला की ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका, कसा एका बाजूला सरकतो, हे मूल स्वतःच्या कागदावर बघतं.

पण हीच गोळी मोकळ्यात दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. शेतात, फार्महाऊसवर, गोरेवाड्याकडच्या झाडीत सराव करायचा नाही. परवाना रेंजवरच्या सरावासाठी आहे. रेंजवर मूल पोचल्यावर बोल्ट उघडा आणि चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या जागेत, केशरी सेफ्टी फ्लॅग. घरी ड्राय फायर, म्हणजे गोळीशिवाय ट्रिगरचा सराव करायचा तर स्नॅप कॅप (खोटी गोळी) घालूनच, कारण रिमफायरची पिन रिकाम्या चेंबरच्या काठावर आपटते आणि काठ दबतो.

घरी रायफल एका कपाटात, गोळ्या दुसऱ्यात, आणि दोन्ही किल्ल्या पालकाच्या खिशात. मुलीने चार वर्षांत एकदाही किल्ली मागितलेली नाही. सरावाला निघायचं असलं की ती बॅग घेऊन कपाटासमोर उभी राहते आणि मला हाक मारते.