'चंद्रलेखा': आधी नाव, मग स्टोरी

'मंगम्मा शपथम' आणि 'बालनागम्मा' जोरात चालले तसं मद्रासच्या जेमिनी स्टुडिओचे मालक एस. एस. वासन यांनी पुढच्या तमिळ पिक्चरची घोषणा करून टाकली, नाव 'चंद्रलेखा'. आता गंमत अशी की हातात फक्त नावच होतं. एक कथा वासननी नापसंत केली होती, त्यातल्या नायिकेचं नाव मात्र त्यांना भारी आवडलेलं, ते ठेवलं आणि बाकी कथा फेकली. मग जेमिनीच्या कथाविभागाची पळापळ. शेवटी वेप्पत्तूर किट्टू यांना जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्सच्या एका इंग्रजी कादंबरीत, दरोडेखोराच्या गोष्टीत, धागा सापडला. हा रेनॉल्ड्स आपल्याकडेही जुनाच पाहुणा, हरिभाऊ आपट्यांच्या 'मधली स्थिती'वर त्याचीच छाया आहे.

गोष्ट म्हणाल तर साधीच. दोन राजपुत्र, एक गादी आणि गावातली एक नर्तकी. थोरला एम. के. राधा, धाकटा खलनायक रंजन, नर्तकी टी. आर. राजकुमारी. एवढ्यासाठी पाच वर्षं! १९४३ ला काम सुरू झालं तेव्हा महायुद्ध चालू होतं, पिक्चर लागला ९ एप्रिल १९४८ ला, म्हणजे मधे देश स्वतंत्र पण होऊन गेला. राघवाचारी यांनी अर्ध्याहून जास्त पिक्चर दिग्दर्शित केला, मग वासनशी बिनसलं आणि ते निघून गेले, तेव्हा वासन स्वतः दिग्दर्शनाला उभे राहिले, तेही पहिल्यांदाच. आनंद विकटन साप्ताहिक चालवणारा, जळालेला स्टुडिओ लिलावात घेऊन जेमिनी उभा करणारा माणूस, त्याला कोण नाही म्हणणार.

त्यात स्टोरी वाढतच गेली. कॉमेडीचा स्टार एन. एस. कृष्णन पत्रकार लक्ष्मीकांतनच्या खून खटल्यात तुरुंगात होता, १९४७ ला सुटला तर त्याच्यासाठी आणि त्याची बायको आणि पडद्यावरची जोडीदार टी. ए. मधुरमसाठी नवीन सीन लिहून घुसवले. सर्कस हवी म्हणून जेमिनीचे कोत्तमंगलम सुब्बू गावोगाव सर्कशी बघत फिरले आणि कमला आणि परशुराम या दोन सर्कशी ठरल्या. (कमला सर्कस केरळातल्या तलश्शेरीची, आणि तिथल्या सर्कस परंपरेचं बीज आपल्या विष्णुपंत छत्र्यांच्या सर्कशीतून गेलंय.) सीबीएसईच्या बारावीच्या इंग्रजी पुस्तकात जेमिनी स्टुडिओचा जो धडा आहे त्यातला सुब्बू तो हाच.

पण खरी चीज म्हणजे ड्रम डान्स. राजवाड्यासमोरच्या मैदानात प्रचंड ढोल मांडलेत ओळीने, त्यावर नर्तकी नाचतायत, चारशे नाचणारे, सहा महिने तालमी, एकट्या या सीनवर ५ लाख. चंद्रलेखाने धाकट्याशी लग्नाला होकार दिलाय पण अट घातलीय की आधी हा नाच. खलनायक खुशीत बघत बसलाय आणि नाच संपतो तसे ढोल फुटून आतून थोरल्याचे सैनिक बाहेर. आज बघताना बाकी पिक्चर जरा लांबतो, शेवटची तलवारबाजी तर संपता संपत नाही, पण हा सीन लागला की मोबाईल आपोआप खाली जातो.

एकूण खर्च ३० लाख, त्या काळी देशातला सगळ्यात महागडा पिक्चर. तमिळमध्ये लोकांना आवडला, गर्दीही झाली, तरी पैसे वसूल होईनात कारण एका भाषेच्या मार्केटमधून एवढी रक्कम निघणार कुठून? म्हणून हिंदी. नुसतं डबिंग नाही हां, काही कलाकार बदलले, सीन नव्याने शूट केले, पंडित इंद्र आणि आगाजानी काश्मिरी यांच्याकडून लिहून घेतलं आणि २४ डिसेंबर १९४८ ला दणक्यात जाहिरात करून देशभर लावला. वितरणात होते ताराचंद बडजात्या, पुढे 'राजश्री'वाले. तमिळमध्ये अडकलेला पैसा हिंदीने सोडवला, आणि मद्रासच्या स्टुडिओंना उत्तरेचं मार्केट दिसलं, मग जेमिनीचाच 'निशान', एव्हीएमचा 'बहार' अशी रांग लागली. आज 'पॅन इंडिया' म्हणून जे मिरवतात त्याची सुरुवात अशी हिशेबाच्या वहीतून झालेली आहे, स्वप्नबिप्न नंतर चिकटवलेलं.

स्टुडिओ आता नाही, त्या जागेवर हॉटेल आहे. समोरच्या पुलाचं सरकारी नाव अण्णा फ्लायओव्हर, पण चेन्नईत रिक्षावाल्याला 'जेमिनी' म्हणा, बरोब्बर तिथेच उतरवेल.