कार्पल टनेल: नस एकच, मग प्रत्येक सर्जन वेगळं का सांगतो?

कार्पल टनेलच्या, म्हणजे मनगटात नस दाबली जाण्याच्या त्रासाच्या, ऑपरेशनबद्दल दोन सर्जनना विचारलं तर एक म्हणतो तळहातावर छोटा छेद घेऊन करू, दुसरा म्हणतो दुर्बिणीतून करू, कोणी आख्खा हात बधीर करतो, कोणी फक्त तेवढ्याच जागी इंजेक्शन देऊन पेशंटशी बोलत बोलत करतो, आणि पेशंटला कळत नाही की यातलं बरोबर काय. माझं स्पष्ट मत असं की यातल्या बऱ्याच फरकांनी शेवटी हाताला फारसा फरक पडत नाही, पण ऑपरेशन किती वेळेवर केलं त्याने मात्र नक्की पडतो.

मनगटात तळहाताच्या बाजूला हाडांची एक अरुंद खोबण असते आणि तिच्यावर जाड, चिवट लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारी पट्टी, ताणलेलं असतं. हाच कार्पल टनेल, आणि या बोगद्यातून बोटं वाकवणारे 9 टेंडन (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) आणि हाताची मीडियन नावाची नस जाते. जागा मुळातच कमी, त्यात टेंडनवरचं आवरण जाड झालं किंवा सुजलं की दाब नसेवर येतो. मग अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्ध्या अनामिकेत मुंग्या येतात, रात्री जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. करंगळी सुटते, तिची नस वेगळ्या वाटेने जाते. डायबेटिस, थायरॉइड कमी असणं, गरोदरपण, संधिवात यात हे जास्त दिसतं.

ऑपरेशन म्हणजे ते लिगामेंट कापून नसेला जागा करून देणं, बस. उघडून करा नाहीतर दुर्बिणीतून, कापायचं तेच असतं. दोन्हींची तुलना भरपूर झालीये, काही महिन्यांनी मुंग्या जाण्याच्या बाबतीत दोन्ही जवळपास सारखेच ठरतात. दुर्बिणीतून केलं तर माणूस सरासरी आठवडाभर लवकर कामाला लागतो आणि जखमेचा त्रास कमी, पण नसेला तात्पुरता त्रास होण्याचं प्रमाण थोडं जास्त. म्हणजे ज्या सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसलाय त्याने तीच केलेली चांगली असं मला वाटतं.

भुलेचा किस्सा तर फारच रंजक आहे. रक्तवाहिन्या आकसवून रक्तस्राव कमी करणारं ॲड्रेनॅलिन बोटांत द्यायचं नाही, रक्तपुरवठा बंद होऊन बोट जाईल, हे डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांना शिकवलं गेलं. म्हणून रक्त थांबवायला दंडाला घट्ट पट्टा बांधायचा, आणि तो पट्टा थोड्या वेळाने इतका दुखतो की पेशंटला आणखी भूल किंवा झोपेचं औषध द्यावं लागतं. नंतर जुन्या केसेस परत तपासल्या तेव्हा दिसलं की बोटं गेली त्यात मोठा संशय प्रोकेन या जुन्या भुलेच्या औषधावर जातो, ते साठवणीत ॲसिडिक होत जायचं. कॅनडाचे सर्जन डोनाल्ड लालोंद यांनी लिडोकेन हे भुलेचं औषध आणि ॲड्रेनॅलिन एकत्र देऊन, पट्टा न बांधता, पेशंट पूर्ण जागा ठेवून हाताची ऑपरेशन्स करायची पद्धत रुजवली, शिवाय ॲड्रेनॅलिनचा परिणाम उलटवणारं फेंटोलामाइन हे औषधही हाताशी असतं. तरी अजून पट्टा बांधणारे सर्जन आहेतच, कारण शिकताना जे हातात बसलं ते सुटत नाही.

ऑपरेशननंतर मनगटाला स्प्लिंट, म्हणजे ते हलू न देणारा आधार, बांधायचा की नाही यावरही सवयच जास्त चालते. अभ्यासांत स्प्लिंटचा फायदा दिसलेला नाही, म्हणून बरेच जण आता पहिल्या दिवसापासून बोटं हलवायला सांगतात.

आधी स्टिरॉइडचं इंजेक्शन द्यावं का, इथे मतभेदाला खरोखर अर्थ आहे. काही आठवडे छान आराम पडतो, गरोदरपणातल्या किंवा सौम्य त्रासात तेवढंही पुरू शकतं. पण स्वीडनमधल्या एका चाचणीत इंजेक्शन घेतलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त लोकांना वर्षभरात ऑपरेशन करावंच लागलं. त्यामुळे एकामागून एक इंजेक्शनं घेत राहणं मला पटत नाही.

आणि अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा सपाट व्हायला लागला असेल, किंवा बधीरपणा दिवसभर जातच नसेल, तर तिथे बहुतेक सगळे सर्जन एका सुरात ऑपरेशन करा म्हणतात. रात्रीच्या मुंग्या ऑपरेशननंतर बहुतेकांच्या थोड्याच दिवसांत जातात, पकड यायला दोन-तीन महिने लागतात, पण झडलेला स्नायू कधीकधी पूर्ण भरून येतच नाही.