स्नेक प्लांटची रात्रपाळी

इंदूरच्या नर्सऱ्यांत हल्ली स्नेक प्लांटच्या कुंडीवर ‘रात्रभर ऑक्सिजन’ अशी चिठ्ठी दिसते; चिठ्ठीचे पैसे अर्थात किमतीत धरलेले. पिंपळाचंही तेच. रामबागेतल्या आज्या रात्री पिंपळाखाली मुंजा असतो म्हणून पोरांना तिकडे फिरकू देत नसत. आता नातवंडं मोबाइल पुढे करून सांगतात, तिथे ऑक्सिजन असतो. मुंजा जितका खरा, तितकाच तोही.

झाडाचा ऑक्सिजन येतो पाण्यातून. रूबेन आणि केमन या रसायनशास्त्रज्ञांनी १९४१ साली ऑक्सिजनचं जड समस्थानिक असलेलं पाणी वापरून हे दाखवलं. पाण्याचा रेणू फोडायला प्रकाश हवाच. अंधारात पिंपळ काय, तुळस काय, नुसतं श्वसन करतात.

मग स्नेक प्लांटचं नाव यात आलं कुठून? खरी गंमत इथेच आहे. रखरखीत जागी दिवसा पर्णरंध्रं (पानावरची बारीक छिद्रं) उघडली तर पाणी उडून जातं, म्हणून ही झाडं ती रात्री उघडतात आणि कार्बन डायऑक्साइड आत घेतात. पेप कार्बोक्सिलेज नावाचं विकर (एन्झाइम) तो पकडतं आणि शेवटी त्याचं मॅलिक आम्ल होतं. पण ते पेशीरसातच साचलं तर सामू (पीएच) बिघडतो, शिवाय मॅलेट, म्हणजे याच आम्लाचं पेशीतलं रूप, त्या विकरालाच अडवतं. म्हणून रिक्तिकेच्या, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीच्या, पटलावरचे पंप ऊर्जा खर्चून प्रोटॉन आत ढकलतात, मागोमाग मॅलेट जातं. त्यातच किनेज नावाचं दुसरं एक विकर रात्री पहिल्या विकराला फॉस्फेट चिकटवतं, मग मॅलेटचा अडथळा त्याला फारसा बाधत नाही; हे किनेज कधी बनायचं ते पेशीतलं घड्याळ ठरवतं. दिवस उजाडला की मॅलेट बाहेर येतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मिटलेल्या रंध्रांआड उन्हाच्या जोरावर त्याची साखर होते. ऑक्सिजन निघतो तो तेव्हा, दिवसा.

म्हणजे रात्री कुंडी कार्बन डायऑक्साइड घेते, ऑक्सिजन देत नाही. आणि घेते तेही इतकं थोडं, की शेजारी झोपलेल्या माणसाच्या उच्छ्वासापुढे ते कुठेच नाही.

आपल्या अंगणातली पानफुटीही याच जातकुळीतली. भारतात काम केलेल्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१३ सालच्या पत्रात लिहिलं होतं, की हिचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारी बेचव. विद्यार्थ्यांनी मात्र चाखू नये, तिच्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. त्याऐवजी पहाटे एक आणि संध्याकाळी एक पान खलून पीएच पट्टी बुडवा. पानं उन्हातल्या रोपाची आणि जून घ्या, कोवळ्या पानांत फरक कमी पडतो.